बायोलॉजीवाल्यांचं कॅल्क्युलस

बी. फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला एका तासापुरता वर्ग दोन भागांत विभागला जातो. बारावीला गणित घेऊन बायोलॉजी सोडलेली मुलं रेमेडियल बायोलॉजीला जातात, आणि बायोलॉजी घेऊन गणित सोडलेली रेमेडियल मॅथेमॅटिक्सला. मी दुसऱ्या गटातली. आठवड्याला दोन तास, सगळे मिळून तीस तास. शेवटची परीक्षा ३५ मार्कांची, दीड तासाची, आणि तीही विद्यापीठाची नाही, कॉलेजने घ्यायची.

त्या तीस तासांत काय काय बसवलंय ते एकदा बघा. पार्शल फ्रॅक्शन्स, लॉगरिदम, फंक्शन, लिमिट, मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, रेषांची भूमिती, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि शेवटी लाप्लास ट्रान्सफॉर्म. गणितवाली मुलं ज्यासाठी अकरावी-बारावीची दोन वर्षं देतात त्यातलं बरंचसं, वर थोडं पुढचंही. आमच्या वर्षी कॅप राउंड लांबले, सेमिस्टर उशिरा सुरू झालं, त्यामुळे हे तीस तासही घाईघाईचे होते.

आमच्याकडे संगमनेरच्या बाजूला दहावीनंतरचा हिशोब सरळ असतो. डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला? अकरावीला गणित सोडून दुसरा विषय घेता येतो, आणि नीटचा अभ्यास करणारी बहुतेक मुलं तेच करतात. मीही केलं. पुढे नीटच्या मार्कांवर एमबीबीएस मिळणार नव्हतं, सीईटीच्या पीसीबी ग्रुपवर फार्मसी मिळाली. दहावीच्या बीजगणितानंतर मी गणिताचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, आणि वर्गातल्या बहुतेकांचं तेच होतं. सीनियर्सनी आल्या आल्या सांगितलं होतं, मॅट्रिक्स आणि पार्शल फ्रॅक्शन्स पाठ करा, तेवढ्यात पास होता येतं, कॅल्क्युलसच्या, म्हणजे डिफरन्शिएशन-इंटिग्रेशनच्या, वाटेला जाऊ नका.

फार्मसी कॉलेजात गणिताचा कायमचा शिक्षक सहसा नसतो. आमच्याकडे जवळच्या सायन्स कॉलेजातले एक सर तासापुरते येत. त्यांनी पहिल्या तासाला लिमिटची व्याख्या सांगितली नाही, एक्सही काढला नाही. फळ्यावर शिरेतून दिलेल्या एका औषधाचे आकडे लिहिले. रक्तातलं प्रमाण, लिटरला इतके मिलिग्रॅम: सुरुवातीला १६, दोन तासांनी ८, चार तासांनी ४, सहा तासांनी २, आठ तासांनी १. आणि विचारलं, बरोबर दोन तास झाले त्या क्षणी औषध कोणत्या वेगाने उतरत होतं?

मागून कुणीतरी म्हणालं, चार. पहिल्या दोन तासांत आठ मिलिग्रॅम कमी झाले, म्हणजे तासाला चार. दुसऱ्या बाकावरून उत्तर आलं, दोन. पुढच्या दोन तासांत चार कमी झाले, म्हणजे तासाला दोन. सरांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. दोन्ही बरोबर आहेत, म्हणाले, पण दोन्ही सरासऱ्या आहेत. मी विचारतोय त्या क्षणाचं. मग कॅल्क्युलेटर काढायला लावले. प्रमाण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे मधल्या कुठल्याही वेळेचा आकडा काढता येतो. तिसऱ्या तासाला ५.६५७. तर दोन ते तीन या तासाभरातला वेग २.३४३. अंतर कमी करा. दोन ते अडीच: २.५४६. दोन तासांपासून पुढे एक दशांश तास, म्हणजे सहा मिनिटं: २.७२५. एक शतांश तास, म्हणजे छत्तीस सेकंद: २.७६८.

"आता हे आकडे कुठे निघालेत?" सरांनी विचारलं.

वर्गात कुणी बोललं नाही, पण दिसत सगळ्यांना होतं. ते वाढत होते, तरी वाढीचा टप्पा दर वेळी लहान होत होता. एका आकड्याच्या अलीकडे ते थांबणार होते. तो आकडा २.७७३. सर म्हणाले, "हे लिमिट. आणि वेगासाठी काढलेल्या या लिमिटला डेरिव्हेटिव्ह म्हणतात." चिन्हं त्यानंतर आली. मला आजही वाटतं की पुढचं सगळं त्या तासामुळे जमलं. व्याख्या आधी आली असती तर मीही सीनियर्सचं ऐकून मॅट्रिक्सकडे वळले असते.

त्याच तासाचा उरलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरून करून आणा म्हणून सरांनी चौथ्या आणि सहाव्या तासाचा वेगही काढायला सांगितला. चौथ्या तासाला १.३८६, सहाव्याला ०.६९३. वेग कमी होत जातो हे दिसलं. पण प्रत्येक वेगाला त्या क्षणीच्या प्रमाणाने भागलं की दर वेळी एकच उत्तर येतं, ०.३४६६. प्रमाण ८ असो, ४ असो की २. वेग बदलतो, प्रमाण बदलतं, त्यांचं गुणोत्तर हलत नाही. पुढे चार वर्षं ज्याला आम्ही 'के' म्हणत आलो, एलिमिनेशन रेट कॉन्स्टंट, म्हणजे औषध शरीराबाहेर जाण्याचा दर, तो हाच.

इथे मी अडले. के तासाला ०.३४६६ असेल, तर तासाभरात जवळजवळ ३५ टक्के औषध जायला हवं ना? पण आमच्याच आकड्यांत ८ वरून ५.६५७ झालं होतं, म्हणजे २९.३ टक्के. मग उरलेले साडेपाच टक्के कुठे गेले? सरांचा पुढचा तास आठवड्यानंतर होता. ही अडचण सोडवली माझ्या रूममेटने.

ती गणितवाली. तिला रेमेडियल बायोलॉजी होतं, शिवाय त्याचं प्रॅक्टिकलही. पानांच्या रचना आणि रक्ताभिसरण तिला डोंगराएवढं वाटायचं. आमचा व्यवहार ठरला. जेवण झाल्यावर मी तिला हृदयाचे कप्पे आणि झडपा समजावायच्या, मग तिने मला गणित. ती म्हणाली, "अगं, तू पस्तीस टक्के कशाचे काढतेस? आठाचे. पण पुढच्या मिनिटाला आठ राहिलेत कुठे?" पहिला क्षण सोडला तर ०.३४६६ हा दर कधीच पूर्ण आठावर लागत नाही. औषध जसजसं कमी होतं तसतसा तो दर कमी होत गेलेल्या साठ्यावर लागतो. म्हणून तासाभरातलं नुकसान ३४.७ टक्के नाही, २९.३ टक्के. तिने कागदावर तासाचे चार तुकडे केले, मग दहा, प्रत्येक तुकड्यात उरलेल्यावर तोच दर लावला, आणि उत्तर हळूहळू ५.६५७ कडे सरकलं. क्षणाचा दर आणि तासाचा हिशोब यात फरक आहे हे त्या रात्री मला पक्कं कळलं. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षातही हा गोंधळ असणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी तो कागद करून दाखवलेला नसतो एवढंच कारण असतं.

यानंतर आला 'ई'. २.७१८ हा आकडा लॉगच्या तक्त्यात सगळ्यांनी बघितलेला, पण तो तिथे का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. ज्या फंक्शनचा वेग त्याच्या स्वतःच्या किमतीएवढाच असतो असं फंक्शन हवं असेल तर पाया हाच घ्यावा लागतो. आमच्या औषधाचा वेग स्वतःच्या किमतीच्या के पट होता, आणि उणे, म्हणून त्याचं समीकरण १६ गुणिले ई चा उणे ०.३४६६ टी घात (टी म्हणजे वेळ). ते उणे चिन्ह आणि तो के डेरिव्हेटिव्ह घेताना बाहेर का येतात, यासाठी चेन रूल लागतो, म्हणजे एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन असताना डेरिव्हेटिव्ह घेण्याचा नियम. आमच्या अभ्यासक्रमात त्याचं वेगळं नाव घेतलेलं नव्हतं, पण सरांनी एक पूर्ण तास त्यावर घालवला. हा तास चुकवू नका असं मी आता प्रत्येक ज्युनियरला सांगते. प्रॉडक्ट रूल, कोशंट रूल वगैरे सरावाने हाताला बसतात, मी पन्नासेक गणितं सोडवली आणि ते बसले. चेन रूल मात्र समजून घ्यावा लागतो.

मॅक्झिमा-मिनिमाच्या, म्हणजे वक्ररेषेचं शिखर आणि तळ शोधण्याच्या, तासाला सरांनी गोळी आणली. म्हणजे तोंडावाटे दिलेलं औषध. आता रक्तातलं प्रमाण आधी चढतं, मग उतरतं, कारण आतड्यातून शोषण आणि शरीराबाहेर जाणं एकाच वेळी चालू असतं. शिखर कधी येतं? ज्या क्षणी आत येण्याचा वेग आणि बाहेर जाण्याचा वेग सारखे होतात त्या क्षणी. तिथे एकूण बदल शून्य, डेरिव्हेटिव्ह शून्य. सर मूळचे चाळीसगावचे. त्यांनी तिथेच सांगितलं की हा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, काढलेली आहे, आणि ग्रह कक्षेच्या दोन्ही टोकांना असतो तेव्हा मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक शून्य होतो, म्हणून मधे कुठेतरी त्या फरकात होणारा बदल शून्य व्हायला हवा हेही त्यांनी ओळखलं होतं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. सरांनी शाळेत असताना तो बघितला होता, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळाच होता. मी अजून गेलेले नाही, जायचं आहे.

मग शिखराची वेळ काढली. शोषणाचा दर तासाला १ आणि बाहेर जाण्याचा ०.२ धरला तर शिखर येतं पाचाचा नॅचरल लॉग (ई च्या पायाचा लॉग) भागिले ०.८, म्हणजे दोन तासांनी. सरांनी विचारलं, "या सूत्रात डोस कुठे आहे?" आम्ही शोधला. नाही. डोस शिखराची उंची ठरवतो, वेळ नाही. 'लवकर बरं वाटावं म्हणून दोन गोळ्या घेतल्या' असं सांगणारी माणसं माझ्या घरातही आहेत. अशी सूत्रं लागू पडणाऱ्या औषधांत दोन गोळ्यांनी शिखर लवकर येत नाही, फक्त दुप्पट उंच येतं. गुण लवकर आल्यासारखा वाटू शकतो, कारण परिणामाची पातळी चढतानाच लवकर ओलांडली जाते. पण त्याच चढावर पुढे विषारी पातळीही असते. दुकानाच्या काउंटरवर हे शांतपणे समजावून सांगता यावं यासाठी एवढं डिफरन्शिएशन यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

इंटिग्रेशनचा तास सरांनी फार्मास्युटिक्सच्या मॅडमना विचारून प्रयोगशाळेत घेतला. पहिल्या तासाचेच आकडे आलेख कागदावर काढले. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे शरीराला एकूण किती औषध किती वेळ भेटलं त्याचं माप. एका गटाने चौकोन मोजले. दुसऱ्या गटाने वक्ररेषेखालचा कागद कात्रीने कापून तराजूवर तोलला, आणि माहीत असलेल्या मापाच्या चौकोनी तुकड्याच्या वजनाशी तुलना केली. संगणक घरोघरी नव्हते तेव्हा संशोधक असंही करत, असं सर म्हणाले. आमच्या गटाने ट्रॅपेझॉइड, म्हणजे समलंब चौकोन, काढले: २४, १२, ६, ३, बेरीज ४५. आठ तासांनंतरची शेपटी शेवटच्या प्रमाणाला के ने भागून, २.९. एकूण ४७.९. मग इंटिग्रेशनने नेमकं उत्तर काढलं, १६ भागिले ०.३४६६, म्हणजे ४६.२.

आमचं जास्त का आलं? मॅडमनी हा प्रश्न विचारला, सरांनी नाही. आलेखाकडे बघितलं की कळतं. दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा वक्ररेषेच्या वरून जाते, कारण ही वक्ररेषा खाली झोळलेली आहे. प्रत्येक ट्रॅपेझॉइडमध्ये थोडा जादा कागद येतो. दर तासाचे आकडे घेतले तर उत्तर ४६.६ येतं, अर्धा अर्धा तास केलं की आणखी जवळ. आज जेनेरिक औषध मूळ औषधाच्या बरोबरीचं आहे की नाही हे ठरवताना स्वयंसेवकांच्या रक्ताचे नमुने घेऊन हेच क्षेत्रफळ काढतात, आणि दोघांच्या सरासरीच्या गुणोत्तराची ९० टक्के विश्वासमर्यादा ८० ते १२५ टक्क्यांत बसावी लागते. आपण काउंटरवर 'तेच औषध आहे, स्वस्तातलं घ्या' म्हणतो ते या मोजणीच्या जोरावर. ती मोजणी कशी होते हे बायोलॉजीतून आलेल्या मुलांनाही हाताने करून कळलं पाहिजे.

डिफरन्शियल इक्वेशनला फार वेळ मिळाला नाही. पण एकच समीकरण नीट केलं: वेग बरोबर उणे के गुणिले प्रमाण. प्रमाण एका बाजूला, वेळ दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे इंटिग्रेशन, आणि लॉगची सरळ रेषा निघाली. सेमीलॉग कागदावर (त्यावरची उभी मोजपट्टी लॉगची असते) आमचे पाच बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका ओळीत बसले. उतार घेताना दहाच्या पायाचा लॉग असेल तर २.३०३ ने गुणावं लागतं. प्रत्येक फार्मसीवाल्याला तो आकडा पाठ असतो, इथे तो कुठून आला ते दिसलं. लाप्लासचा तक्ता पाठ केला, परीक्षेत लिहिला. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

परीक्षा झाली, मार्क चांगले पडले, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

चौथ्या सेमिस्टरला फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये औषधांचा टिकाऊपणा आला. शेल्फ लाइफ म्हणजे ९० टक्के औषध शिल्लक राहीपर्यंतचा काळ, ०.१०५ भागिले के. वर्गात अनेकांनी सूत्र रट्टा मारून घेतलं. मी वहीच्या मागच्या पानावर दहा-नवमांशाचा नॅचरल लॉग काढला, ०.१०५४ आला, आणि पाठ करायचं काही उरलं नाही. सहाव्या सेमिस्टरला बायोफार्मास्युटिक्स अँड फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे औषध शरीरात कसं शोषलं जातं आणि कसं बाहेर पडतं याचा हिशोब. तिथे तर पहिल्या सेमिस्टरचा तो पहिला तासच पाच युनिटांत पसरलेला होता. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण दीड दिवस. रोज डोस दिला तर पातळी स्थिर व्हायला चार-पाच अर्धायुष्यं लागतात, कारण एकात ५० टक्के, दोनात ७५, तिसऱ्यात ८७.५, असं चढत जातं. म्हणजे आठवडाभर. म्हणून परिणाम लवकर हवा असेल तर सुरुवातीला मोठा लोडिंग डोस.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फेनिटॉइनने. फिट्सवरचं हे औषध बाहेर टाकणारं एन्झाइम नेहमीच्या पातळीलाच भरून जातं, त्यामुळे वेग आणि प्रमाण यांचं गुणोत्तर स्थिर राहत नाही. आमचा तो लाडका के इथे नाहीच. आम्हाला दिलेल्या उदाहरणात एन्झाइमची जास्तीत जास्त क्षमता दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि अर्ध्या क्षमतेचं प्रमाण लिटरला ४ मिलिग्रॅम होतं. दिवसाला ३०० दिले तर पातळी ६ वर थांबते. ४०० दिले तर १६. आणि ४५० दिले तर ३६. उपयोगी पातळी १० ते २०. शेवटच्या पन्नास मिलिग्रॅमने माणूस चांगल्या पातळीवरून थेट विषबाधेत जातो: बुबुळं आपोआप हलायला लागतात, चालताना तोल जातो. समीकरण बघितल्याशिवाय हे कुणाच्या मनातही येणार नाही. मनाला वाटतं पन्नास म्हणजे थोडंच.

वर्गातल्या ज्यांनी पहिल्या सेमिस्टरला मॅट्रिक्सवर निभावून नेलं होतं त्यांच्यासाठी हा धडा म्हणजे आणखी एक सूत्र होतं, आणखी एक आलेख पाठ करायचा. ती मुलं माझ्याइतकीच हुशार होती, काही माझ्यापेक्षा जास्त. त्यांना पहिल्या वर्षी सांगितलं गेलं होतं की हा विषय नावापुरता आहे. अभ्यासक्रमात मात्र लिहिलेलं आहे की ही गणितं केमिकल कायनेटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्सच्या समीकरणांसाठी वापरायची आहेत. कॅल्क्युलसच्या बाबतीत ते लिहिलेलं शेवटच्या युनिटला आहे, जिथपर्यंत सेमिस्टर क्वचितच नीट पोचतं. ते पहिल्या तासाला हवं.

आता मी एम. फार्म करते आहे आणि पहिल्या वर्षाची मुलं हॉस्टेलवर विचारायला येतात की ताई, मॅथ्समधलं काय सोडलं तर चालेल. मी सांगते, वेळ नसेल तर लाप्लास शेवटी ठेव आणि रेषांची भूमिती झटपट उरक. लॉग आणि ई आधी कर. मग १६, ८, ४, २, १ हे आकडे घे, दुसऱ्या तासाचा वेग स्वतः काढ, अंतर लहान करत करत, कॅल्क्युलेटरवर, सूत्र न वापरता. ते झालं की तासाभरात ३५ टक्के का जात नाहीत ते मला येऊन सांग, मग आपण पुढची गणितं एकत्र बसून करू.